पहिल्यांदाच कॅनू चालवून धरणाकाठी एक रात्र मुक्काम करायचाय. मराठवाड्यात कुठे आणि कसं जमेल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही दोघे मित्र परभणीचे, पोहता येतं, कॅनू (वल्ह्यानं चालवायची लांबट, अरुंद होडी) कधी चालवलेली नाही. दिवाळीनंतर दोन दिवस सुट्टी आहे आणि नाथसागरात एका काठावरून निघून दुसऱ्या काठाला लागायचं, मधे तंबू टाकायचा, असा बेत आहे. बेत झकास आहे. फक्त नाथसागर सोडा, आणि दुसऱ्या काठाला लागायचं हेही सोडा.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. त्याचं पाणी भरलं की साधारण 55 किलोमीटर लांब आणि 27 किलोमीटर रुंद पसरतं. एवढ्या उघड्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. काठाशी जी नुसती झुळूक वाटते, तिची मध्यावर लाट झालेली असते, आणि कॅनू वरून उघडी असल्यामुळे ती लाट थेट मांडीवर येते. शिवाय 1986 पासून हे पक्षी अभयारण्य आहे. नोव्हेंबर म्हणजे पट्टकादंब, चक्रवाक, थापट्या उतरायचे दिवस. वन खात्याच्या परवानगीशिवाय तिथं होडी घालणं, मुक्काम ठोकणं म्हणजे वन्यजीव कायद्याशी गाठ. पक्षी बघायचे तर पहाटे काठावरून दुर्बिणीनं बघा, जास्त दिसतील.

कुणी सुचवेल की मग पैठणच्या खाली गोदावरीत उतरा, आपेगाव-हिरडपुरीच्या बंधाऱ्यांमुळे पाणी संथ असतं. संथ असतं हे खरं. पण वरून दरवाजे उघडले की ते संथ राहत नाही, आणि भरून वाहणाऱ्या बंधाऱ्याच्या पायथ्याशी पाणी उलटं फिरतं. त्यात होडी सापडली तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडता येत नाही. नवशिक्यानं नदी नकोच, धरणाचं बॅकवॉटर, म्हणजे भिंतीच्या मागे साठलेलं पाणी, बरं.

तुम्हाला जवळचं म्हणजे पूर्णा नदीवरचं येलदरी. 1968 साली झालेलं धरण, जिंतूरच्या टेकड्यांमध्ये. पाणी टेकड्यांच्या घळींत शिरतं, त्यामुळे वाऱ्याच्या आड जायला जागा मिळते. पाणी भिंतीच्या वरचंच निवडा. खाली वीजघर आहे, ते चालू झालं की नदीची पातळी बदलते. भिंत, सांडवा आणि पाणी खेचणाऱ्या विहिरी यांच्या जवळपासही फिरकायचं नाही.

आता परवानगी. खरं सांगतो, वल्हवण्यापेक्षा हेच काम मोठं आहे. धरण जलसंपदा विभागाचं. त्या धरणाच्या शाखा कार्यालयात जाऊन लेखी अर्ज द्या, तारखा, माणसं, गाडीचा नंबर सगळं लिहून. नाही म्हणाले तर नाही, मग दुसरा तलाव शोधा. मासेमारी बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असते, त्यांच्या माणसांना आधी भेटा. जाळी कुठं लावलीत हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक नसतं. थर्माकोलचे तुकडे किंवा रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजायचं आणि लांबून वळसा घालायचा. त्यांचं जाळं फाटलं तर तुमच्या सहलीपायी त्यांची दिवसाची रोजी जाते. गावातल्या पोलीस पाटलांच्या कानावरही घाला. रात्री अनोळखी माणसं पाण्याकाठी दिसली की गावात चर्चा होतेच, ती आधीच मिटलेली बरी.

कोजागरीचा मोह होईल, चांदणं आणि पाणी. टाळा. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतत असतो आणि दुपारी तापलं की संध्याकाळी गडगडाट सुरू. वीज पडून माणसं-जनावरं दगावल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी असतात, आणि मोकळ्या पाण्यावर सगळ्यात उंच वस्तू तुम्हीच असता. दिवाळी लवकर आली असेल तर तिच्यानंतरही आठ-दहा दिवस थांबा. त्रिपुरी पौर्णिमेच्या आसपास आभाळ बहुतेक निवळलेलं असतं, चांदणंही मिळतं. तरी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. गडगडाट ऐकू आला की काठाला लागायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात उतरायचं नाही.

नोव्हेंबरात वारा बहुतेक पूर्वेकडून, ईशान्येकडून असतो. सकाळी पाणी आरशासारखं, ऊन चढलं की वारा उठतो, दिवस मावळताना पडतो. म्हणून सगळं वल्हवणं साडेसहा-सात ते दहा या वेळेत उरकायचं. संध्याकाळवर विसंबू नका, पावणेसहाला सूर्य मावळतो आणि मग बघता बघता अंधार होतो. दोघे नवे असाल तर तासाला तीन किलोमीटर धरा, त्यातही अर्धं नागमोडी जाईल. म्हणजे मुक्कामाची जागा निघाल्यापासून तीन-चार किलोमीटरवर, त्याच काठावर. काठापासून इतकंच अंतर ठेवायचं की होडी उलटली तर सहज पोहत बाहेर येता येईल. पूर्वेकडचा काठ निवडला तर वारा पाठीमागच्या जमिनीवर अडतो.

पहिल्या सकाळी सामान न भरता आधी रिकाम्या कॅनूत बसा. जड माणूस मागे, कारण दिशा मागचाच देतो. पुढच्यानं नुसती लय धरायची. दोघांनी दोन वेगळ्या बाजूंना वल्हं मारायचं आणि हातानं न ओढता खांदा-कंबर फिरवून ओढायचं, नाहीतर दुपारी चमचाही उचलवणार नाही. मागच्यानं वल्हं मारलं की होडीचं तोंड विरुद्ध बाजूला वळतं. ते सरळ ठेवायला प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी पातं उभं करून पाणी किंचित बाहेर ढकलायचं. हे जमायला अर्धा-पाऊण तास जातो आणि तोवर तुम्ही एकमेकांवर भरपूर चिडाल. चिडून घ्या, काठ जवळ आहे तोवरच.

मग कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम होडी उलटवा. लाइफ जॅकेट घालून, पट्टे आवळून. उलटल्यावर होडी सोडून पोहत सुटायचं नाही. ती तरंगते, तिला धरून राहायचं आणि काठाकडे ढकलत न्यायचं. पोहता येतं म्हणून जॅकेट काढून पायाशी ठेवणारे असतात. तुमच्यातला कुणी तसा असेल तर त्याला घरी ठेवा. लाट आलीच तर बैठकीवरून उतरून गुडघ्यांवर बसा, वजन खाली गेलं की होडी स्थिरावते. उभं कधीच राहायचं नाही, फोटोसाठी तर नाहीच.

सामान मधोमध आणि तळाशी. वाऱ्याकडे तोंड करून जायचं असेल तर पुढचं टोक थोडं जड, वारा पाठीशी असेल तर मागचं. कपडे, अंथरूण, फोन आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत, मग सॅकमध्ये, आणि सॅक होडीला बांधलेली. हवा भरायची कॅनू आणणार असाल तर ती डिकीत मावते, पण हलकी असल्यानं वाऱ्यात भरकटते आणि बाभळीच्या काट्याला भिते. पंक्चरचं सामान सोबत असू द्या.

बाभळीवरून आठवलं, तंबू तिच्याखाली टाकायचा नाही. सावली दिसते, पण खाली काट्यांचा सडा असतो. काळ्या रानातही नको. रात्री दव पडलं की ती माती चपलेला असा लगदा धरते की पाय उचलत नाही. मुरमाड, थोडी चढावरची जागा बघा, पाण्याच्या रेघेपासून चांगली वर. कोरड्या ओढ्यात नको, उसाच्या फडाला लागून तर मुळीच नको, रानडुक्कर आणि बिबट्या दोघांनाही ऊस आवडतो. गाळपेरीला (पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पीक घ्यायला) कुणी नांगर घातला असेल तर त्या शेतकऱ्याला विचारल्याशिवाय पाय ठेवू नका.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती मोटारींची. बॅकवॉटरच्या काठाला शेतकऱ्यांचे पंप असतात आणि त्यांच्या केबली पाण्यातून, चिखलातून गेलेल्या असतात, कुठं जोड दिलेल्या, कुठं सोललेल्या. पाइप किंवा केबल पाण्यात शिरताना दिसली तर तिथं होडी लावायची नाही, पाण्यात पाय टाकायचा नाही. आणि शेतीची लाईट बऱ्याचदा रात्रपाळीची असते. मध्यरात्री बॅटरीचा झोत तुमच्याकडे येत असेल तर तो मोटार चालू करायला निघालेला कुणीतरी मामा असेल. आधीच ओळख करून ठेवलेली असली तर रामराम होतो, चहाही होतो.

घोणस आपल्याकडे सगळीकडे आहे, अंधारात बूट आणि बॅटरीशिवाय हिंडू नका. पिण्याचं पाणी माणशी रोज चार-पाच लिटर घरूनच न्या. जेवणाचा फार विचार करू नका. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दही घट्ट डब्यात, सकाळी चहापुरता छोटा गॅस. थंडी मात्र कमी लेखू नका, पाण्याकाठी पहाटे शहरापेक्षा जास्त वाजते आणि तुम्ही परभणीचे, तुम्हाला काय सांगायचं. शौचाला पाण्यापासून निदान साठ पावलं लांब, वीतभर खड्डा करून, माती लोटून.

रात्री कॅनू पूर्ण बाहेर ओढा, पालथी घाला, झाडाला बांधा. दुसऱ्या दिवशी पहाटे रिकाम्या होडीनं घळीत तासभर चक्कर मारा, हीच खरी मजा आहे. मग सामान भरून आठपर्यंत परतीला लागा.

आणि जागा निवडताना तिथपर्यंत बैलगाडीची तरी वाट आहे ना, हे आधी पायी जाऊन बघा. परतीच्या सकाळी वारा नसत्या वेळी उठला तर पाण्यात उतरायचंच नाही. तंबू गुंडाळायचा, गावातल्या टेम्पोवाल्याला फोन करायचा आणि कॅनू टेम्पोत टाकून रस्त्यानं यायचं. त्याचा नंबर निघायच्या आधी घेऊन ठेवा आणि पैसेही आधीच बोलून ठेवा. ऐनवेळी तो डबल मागेल आणि तुम्ही द्याल.