भरमंडपातला जाब

प्रश्न : मोबाइलवरील एका लघुमालिकेत सून भर लग्नमंडपात सासऱ्यांना जाब विचारते. पंचवटीतल्या आमच्या घरी सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र सासऱ्यांच्या मुठीतून सांडणाऱ्या अक्षताच दिसत राहिल्या. माझे चुकले का?

उत्तर : मुळीच नाही. एक-दोन मिनिटांच्या या भागांचा शेवट मुद्दाम ऐन पेचावर केलेला असतो, कारण पुढचे भाग अनेकदा पैसे मोजूनच पाहावे लागतात. त्यामुळे अपमान साठवत नेऊन चारचौघांत त्याची परतफेड दाखवणे हा या प्रकाराचा कणाच आहे आणि टाळ्या पडतात त्या परतफेडीला. कालिदास कलामंदिरात नाटक पाहताना सगळा रंगमंच डोळ्यांसमोर असतो, इथे मात्र उभ्या, अरुंद चौकटीत बहुतेक वेळा एकच चेहरा मावतो. तरीही आपली नजर त्या मुठीकडे गेली, याचे मला फार मोल वाटते.