धंद्याचं विचारा : बिल दिलं, पैसे कुठायत?

प्रश्न : शिरोलीत आमचं छोटं मशीनशॉप आहे, दोन लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन). एका मोठ्या कंपनीला कास्टिंगचं मशीनिंग करून देतो. सात महिने झाले, सहा लाखांच्या वर पेमेंट अडकलंय. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये, गेलो की पुढच्या आठवड्यात बघू. जीएसटी मात्र मी खिशातून भरून बसलोय. कोर्टात जायची ऐपत नाही आणि भांडलो तर काम बंद होईल. काय करू? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, मी स्वतः नऊ वर्षं पत्र्याच्या कामाचं वर्कशॉप चालवलंय. पार्टीच्या अकाउंट्सच्या खिडकीबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून दुपारच्या दुपार घालवलीय, शनिवारी पोरांचा पगार करायचा असतो आणि आतला माणूस मान न उचलता "आज नाही होणार" म्हणतो, तेव्हा पोटात कसा गोळा येतो ते मला माहितीय. म्हणून आधी हे मनात पक्कं करा की तुम्ही उपकार मागत नाही आहात, हा तुमचा हक्क आहे आणि त्याचा कायदा, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, २००६ पासून आहे.

पहिला प्रश्न, उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, आहे का? नसेल तर आजच करा, आणि इथून पुढे एकही जॉब त्याच्याशिवाय पाठवू नका, कारण काम आधी आणि रजिस्ट्रेशन नंतर असलं की समोरचा वकील पहिलं बोट त्यावरच ठेवतो. बरेच जण ते सर्टिफिकेट फक्त बँकेला दाखवायला काढतात. तुम्ही सूक्ष्म किंवा लघु उद्योगात येत असाल, आणि दोन लेथवाला माणूस येतोच, तर घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचेत आणि ती मुदत ४५ दिवसांच्या वर जाऊच शकत नाही. पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदी ऑर्डरवर, ९० दिवस छापलेलं असलं तरी नाही. लेखी काही ठरलंच नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ.

आता कागद. ऑफिसात हे लोक हमखास म्हणतात की तुमचा माल रिजेक्ट होता म्हणून बिल थांबवलं. पण माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी तक्रार केली नसेल तर तो स्वीकारला असंच कायदा धरतो. मग माल मिळाला कधी हे तुम्हाला दाखवता आलं पाहिजे. माझं एक बिल इथेच बुडालं. डिलिव्हरी चलनवर नुसती वॉचमनची सही होती, गोल शिक्का नाही की गेट इनवर्डचा (आवक नोंदीचा) नंबर नाही, आणि वर्षभराने पार्टी म्हणाली असा माल आमच्याकडे आलाच नाही. तेव्हापासून टेम्पोवाल्या पोराला सांगून ठेवलं होतं, शिक्का आणि इनवर्ड नंबर पडल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही, उशीर झाला तरी चालेल. तुमची सात महिन्यांची चलनं काढा आणि बिलाशी एकेक जुळवून फाईल लावा. २६ एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सचा उतारा, तोही बघा, तुमच्या बिलावर त्यांनी टीडीएस कापून भरला असेल तर बिल मान्य होतं हे त्यांनीच सरकारला सांगितलंय. यापेक्षा चांगला साक्षीदार मिळणार नाही.

काम बंद होईल ही भीती खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. त्यामुळे एकदम तक्रार ठोकू नका. आधी एक शांत ईमेल, परचेसला नाही, अकाउंट्सच्या मुख्य माणसाला. त्यात बिलांची यादी, प्रत्येकाची तारीख, उद्यम नंबर आणि दोनच गोष्टी. एक, आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून इन्कम टॅक्समध्ये नियम आलाय, सगळे सीए त्याला ४३बी (एच) म्हणून ओळखतात, सूक्ष्म-लघु उद्योगाचं बिल मुदत उलटूनही ३१ मार्चला थकलेलं राहिलं तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, तिचा टॅक्स वाढतो. दुसरी, बिल १८० दिवसांत दिलं नाही तर त्यावर कंपनीने घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (खरेदीवरच्या जीएसटीची वजावट) व्याजासकट परत करावं लागतं, आणि तुमच्या जुन्या बिलांचे १८० दिवस कधीच होऊन गेलेत. परचेसवाल्याला याचं काही वाटत नाही पण सीएला लगेच कळतं. माझ्या ओळखीतली बरीच पेमेंटं अशा एका मेलवर सुटलीत, विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये.

नाहीच हलले तर थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी पोर्टलवर (आधी समाधान होतं, २०२५ पासून एमएसएमई ओडीआर) अर्ज करा, स्वतःच भरता येतो. तो सुविधा परिषदेकडे, म्हणजे याच वादांसाठीच्या सरकारी मंडळाकडे जातो, तिथे आधी समझोत्याचा प्रयत्न होतो, नाही जमलं तर लवाद. कायदा ९० दिवस म्हणतो, प्रत्यक्षात जास्त लागतात, तेवढी मनाची तयारी ठेवा. पण निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनीला त्यावर कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते, त्यामुळे नुसतं ताणायचं म्हणून कोणी जात नाही. जुन्यात जुन्या बिलाला तीन वर्षं व्हायच्या आत अर्ज गेला पाहिजे.

आणि एकाच पार्टीवर सगळी मशीन लावू नका हो, दुसरं गिऱ्हाईक शोधायला आत्तापासून लागा.

प्रश्न : माझा किराणा मालाचा होलसेलचा धंदा आहे, उद्यम सर्टिफिकेट आहे. दुकानदारांची उधारी ४५ दिवसांच्या नियमात वसूल होईल का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही होणार. २०२१ मध्ये व्यापाऱ्यांना उद्यममध्ये घेतलं ते फक्त बँकांच्या प्राधान्य कर्जासाठी. तुमची उधारी वहीवर दुकानदाराची सही घेऊन आणि मागची बाकी आल्याशिवाय पुढचा माल न देऊनच आवरावी लागेल.

प्रश्न : गावात मसाल्याचं युनिट टाकायचंय. एक एजंट म्हणतो पीएमईजीपीतून (नव्या उद्योगाला कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना) ३५ टक्के सबसिडी काढून देतो, फाईलचे २५ हजार आधी द्या. उद्यम सर्टिफिकेटचे वेगळे दोन हजार. देऊ का? – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, एक रुपया देऊ नका. उद्यम फुकट आहे, आधार आणि पॅन घेऊन सरकारी साइटवर घरी बसून होतं. फक्त सर्चमध्ये वर येणाऱ्या, सरकारी दिसणाऱ्या खाजगी साइटवर पैसे भरू नका, पत्ता gov.in ने, म्हणजे 'जीओव्ही डॉट इन'ने संपतोय का ते बघा.

पीएमईजीपीचा अर्जही फुकट आहे. ग्रामीण भागातल्या महिलेला ३५ टक्के हे खरं, पण तो पैसा हातात येत नाही, बँकेत तीन वर्षं तुमच्या नावाने ठेव म्हणून राहतो आणि युनिट चालू असलं तर कर्जात वळता होतो. कर्ज द्यायचं की नाही ते बँक ठरवते, एजंट नाही. म्हणून ते २५ हजार तुमच्या स्वतःच्या ५ टक्के हिश्श्यासाठी ठेवा. आणि युनिट आधी सुरू करून मग अर्ज करू नका, ही ३५ टक्क्यांची सबसिडी नव्या युनिटलाच आहे. साताऱ्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात सकाळी अकराच्या सुमारास जा, सध्याचे नियम विचारा, पल्वरायझरचं (मसाला दळायच्या मशीनचं) कोटेशन आणि जागेचा उतारा बरोबर न्या.