मालिकेची कादंबरी होताना

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून सातारा जिल्ह्यातील एका पतसंस्थेत नोकरी करते. रात्री सगळे आवरल्यावर मी मोबाईलवर प्रेमकथा लिहिते. एका अ‍ॅपवर टोपणनावाने क्रमशः लिहिलेल्या माझ्या कथेचे १४० भाग झाले असून ती आता संपत आली आहे. तिचे पुस्तक व्हावे असे वाटते. एका प्रकाशकाने ४८ हजार रुपयांत ३०० प्रती, प्रकाशन समारंभ आणि जाहिरात असे पॅकेज सांगितले असून शनिवारपर्यंत कळवायला सांगितले आहे. मी काहीतरी लिहिते एवढे यांना माहीत आहे, काय लिहिते ते माहीत नाही. सासूबाईंना किंवा ऑफिसात कळले तर काय होईल, याची धास्ती वाटते. शिवाय नवी मालिका लगेच सुरू करा, असा वाचकांचा आग्रह आहे. ती करू का? माझ्यासारख्या हौशी बाईचे पुस्तक खरेच निघू शकते का? सोबत तीन भाग पाठवत आहे.

उत्तर : सप्रेम नमस्कार.

शनिवारची मुदत आहे म्हणून पॅकेजचा विषय आधी संपवते. नकार कळवा. पुस्तकावर प्रकाशकाचे स्वतःचे पैसे अडकलेले असले म्हणजे ते विकण्यासाठी तो धडपडतो. सगळा खर्च लेखिकेनेच दिला, तर त्याचा नफा छपाईपूर्वीच पदरात पडलेला असतो आणि ३०० प्रतींचे पुढे काय होते याची चिंता तुमच्या घरातल्या दिवाणाखाली जाऊन बसते. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात कमीपणा मुळीच नाही. मात्र तसे करायचेच असेल, तर एखाद्या चांगल्या छापखान्याचे कोटेशन स्वतः घ्या, मुद्रितशोधकाला त्याचे पैसे वेगळे द्या आणि आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख सांगणारा क्रमांक, राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून लेखकालाही विनामूल्य मिळतो हे लक्षात ठेवा, कारण पॅकेजवाले त्यालाही मोठी सुविधा म्हणून मिरवतात.

आता मूळ मुद्द्याकडे येते. तुमच्याकडे आज मालिका आहे, कादंबरी नाही. आणि तुमचे पुढचे सहा-आठ महिने या दोहोंमधले अंतर कापण्यात जायला हवेत. १४० भाग, प्रत्येकी साधारण हजार शब्द, म्हणजे १ लाख ४० हजार शब्द झाले. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या आकाराच्या पानावर २८० ते ३०० शब्द बसतात असे धरले, तर हे पुस्तक पावणेपाचशे ते पाचशे पानांचे, म्हणजे १६ पानांचा एक फर्मा या हिशेबाने सुमारे ३० फर्म्यांचे होते. नव्या लेखिकेच्या पहिल्या पुस्तकासाठी एवढा कागद घालायला कोणताही प्रकाशक कचरेल. पन्नास-साठ हजार शब्दांत बसणारी प्रेमकथा त्याला विचारात तरी घेता येते. म्हणजे निम्म्याहून अधिक मजकूर जाणार आहे, आणि तो कोणता, हे तुमच्याच तीन भागांवरून सांगता येईल.

भाग ६१ मध्ये शंतनू मुक्ताच्या आजीच्या पेन्शनची कागदपत्रे पावसातून रुमालात गुंडाळून आणून देतो. मुक्ता ती मोजून घेते, त्यात हयातीचा दाखला नाही हे तिच्या लक्षात येते, आणि तरीही ती काही बोलत नाही, कारण तो द्यायला त्याला पुन्हा यावे लागेल. हे वाचताना मला फार आनंद झाला. प्रेमाचा एकही शब्द न उच्चारता तुम्ही सगळे सांगितले आहे, आणि रोज काउंटरवर कागद मोजून घेणाऱ्या बाईलाच हे सुचू शकते. पण पुढच्याच ओळीत दारावरची बेल वाजते आणि दारात तिचा मोडलेल्या साखरपुड्याचा नवरामुलगा उभा असतो. पुढच्या भागाचा शेवट अनोळखी नंबरवरून आलेल्या फोनने होतो आणि तिसऱ्याचा, मुक्ता जिन्यावरून कोसळते तिथे. उद्या वाचकाने परत यावे म्हणून अ‍ॅपवर हे करावे लागते, हे मला समजते. पुस्तक वाचणाऱ्याच्या हातात मात्र पुढचे पान असतेच. त्याला दर चार पानांनी हिसका दिला, तर तो लवकरच कंटाळतो. अशा बेला, फोन आणि अपघात काढून टाका. त्यांच्याबरोबर त्यांचे खुलासे करणारी प्रकरणेही आपोआप जातील.

त्याहून अवघड काम दुसरे आहे. हे दोघे एकत्र का येऊ शकत नाहीत, याचे तुमच्या मालिकेतले कारण गैरसमजाचे आहे आणि दोघांनी दहा मिनिटे बसून बोलायचे ठरवले तर तो दूर होईल. प्रेमकथेचा सगळा भार अडसरावर असतो. तो बोलण्याने सुटणारा असेल, तर वाचकाला नायक-नायिकेचाच राग येऊ लागतो. गंमत म्हणजे खरा अडसर तुम्ही लिहून ठेवला आहे आणि त्याकडे लक्षच दिलेले नाही. मुक्ताच्या पगारावर भावाचे शिक्षण आणि घराच्या कर्जाचा हप्ता चालतो, आणि आई-वडील प्रत्येक स्थळात काही ना काही खोट काढतात, हे तुम्ही चार ओळींत उरकले आहे. तिचे लग्न त्या घराला परवडणारे नाही आणि हे कोणीच उघड बोलणार नाही. पुस्तक याच्यावर उभे करा.

मिळवत्या मुलीच्या लग्नाची ही कुचंबणा मराठीत पहिल्यांदा धीटपणे मांडली गेली ती १९३३ साली, विभावरी शिरूरकर या नावाने. त्या नावामागे मालतीबाई बेडेकर होत्या, ही गोष्ट तेव्हा लोकांना ठाऊक नव्हती आणि ही बाई कोण म्हणून मोठा गदारोळ उठला होता. टोपणनावाची तुम्हाला वाटणारी गरज किती जुनी आणि किती सन्मान्य आहे, हे यावरून दिसेल.

हस्तलिखित तयार झाले की ते युनिकोडमध्ये टाइप केलेले, प्रकरणवार आणि पानांना क्रमांक घातलेले असू द्या. मोबाईलवरचे इमोजी आणि ओळीच्या शेवटी सांडलेले टिंबांचे सडे काढून टाका. कोणाकडे पाठवायचे, हे गावातल्या वाचनालयात ठरवा. अलीकडच्या काही वर्षांतल्या सामाजिक आणि प्रेमविषयक कादंबऱ्या काढून शीर्षकपानाच्या मागचे पान पाहा आणि नव्या नावांना कोणते प्रकाशक संधी देतात ते टिपून घ्या. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे उभी राहिलेली ही अनुदानित वाचनालये मराठी कथा-कादंबऱ्यांची मोठी गिऱ्हाईक असतात, त्यामुळे दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायका काय मागतात, हे ग्रंथपालबाईंना विचारलेत तर कोणत्याही कार्यशाळेपेक्षा अधिक कळेल. प्रकाशकाला एका पानाचे पत्र, दीड पानाचा गोषवारा आणि पहिली तीन प्रकरणे पाठवावीत. उत्तराला महिनोन्महिने लागतात. दर आठवड्याला फोन करू नये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे, तिच्या जाहिरातीवरही लक्ष ठेवा.

त्याआधी, किंवा त्याबरोबरच, दिवाळी अंकासाठी एक कथा लिहा. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक निघाला तेव्हापासून मराठीत नवे नाव संपादकांच्या नजरेस पडण्याची ही हक्काची जागा आहे. कथा तीन-साडेतीन हजार शब्दांची असावी, जूनच्या सुमारास पाठवावी आणि एकच कथा एकाच वेळी दोन अंकांना देऊ नये. संपादक एकमेकांना ओळखतात आणि अशा गोष्टी लक्षात ठेवतात. मानधन थोडे असेल, कदाचित नुसता अंकच घरी येईल. पण प्रकाशकाला पाठवायच्या पत्रात लिहायला एक ओळ मिळेल आणि तिचे वजन अ‍ॅपवरच्या हजारो वाचकांहून अधिक असते. मला हे फारसे न्याय्य वाटत नाही, पण आहे असे आहे.

पैशांबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी सांगते. मानधन छापील किमतीच्या दहा टक्के आणि पुस्तकाची किंमत ३०० रुपये धरली, तर ५०० प्रती खपल्यावर तुमच्या वाट्याला १५ हजार रुपये येतात, तेही सावकाश. नोकरी सोडण्याचा विचार मनात डोकावला असेल तर तो तिथेच थांबवा.

करार लेखी हवा. त्यात किती वर्षांसाठी, कोणत्या आवृत्तीचे आणि कोणत्या भाषांचे हक्क दिले, हे स्पष्ट लिहून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार मुदत लिहिलेली नसेल तर हक्क पाच वर्षांसाठीच दिले असे मानले जाते, हे बऱ्याच लेखकांना माहीत नसते. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली तर पेन खाली ठेवा. ई-बुक, ऑडिओबुक आणि वेबमालिकेचे हक्क वेगवेगळे नोंदवून घ्या. आणि हे सारे करण्याआधी तुमच्या अ‍ॅपच्या अटी नीट वाचा, कारण मालिका दुसरीकडे छापण्यावर तिथे बंधन असेल तर कोणत्याही प्रकाशकाला शब्द देता येणार नाही.

पुस्तकावर टोपणनाव छापता येते. करारावर मात्र खरे नाव, खरा पत्ता आणि पॅन लागतो. संस्थेच्या सेवानियमांत बाहेरच्या उत्पन्नाबद्दल काय लिहिले आहे तेही पाहा, आणि परवानगी लागत असेल तर ‘ललित लेखन’ एवढेच नमूद करून अर्ज द्या. कथेचा विषय कळवण्याचे कारण नाही. ऑफिसातल्या चेष्टेची भीती मी हसण्यावारी नेणार नाही. चंद्रकांत काकोडकरांची एक प्रेमकथा १९६२ साली ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली, तेव्हा अश्लीलतेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६९ मध्ये ते निर्दोष सुटले. तुमच्या मुक्ताने अजून शंतनूचा हातही नीट धरलेला नाही, तेव्हा सहकाऱ्यांकडून फार तर दोन दिवस टोमणे होतील.

यजमानांना मात्र सांगा, आणि करार येण्याआधी सांगा. ‘मी प्रेमकथा लिहिते’ अशी घोषणा करू नका. भाग ६१ छापून हातात द्या आणि त्यांचे वाचून होईपर्यंत स्वयंपाकघरात निघून जा. ज्यांच्याशी इतकी वर्षे संसार केला त्यांनी हे तिसऱ्याच माणसाकडून ऐकावे, हे बरे दिसणार नाही, आणि त्या वेळी त्यांना राग कथेचा नव्हे, लपवण्याचा येईल. ते हसले तर हसू द्या. ‘हा शंतनू कोण?’ असे त्यांनी विचारलेच, तर त्यालाही सरळ उत्तर द्या. सासूबाईंचे मग तुम्ही दोघे मिळून ठरवा. त्या घराण्याच्या नावापेक्षा तुमच्या रात्रीच्या जागरणावरच अधिक बोलतील, असा माझा अंदाज आहे.

नव्या मालिकेचा वाचकांचा आग्रह तूर्त मोडावा लागेल. चालू मालिका नीट संपवा, कारण ती तुमच्या भरवशावर वाचणाऱ्यांना अर्ध्यावर सोडणे योग्य नाही. पण शेवटच्या भागाखाली काही महिने नवी मालिका येणार नाही असे सरळ लिहा, कारण रोज रात्री मिळणारे दीड-दोन तास एकाच कामाला पुरणारे आहेत आणि ते आता मुक्ताच्या हप्त्यांचा हिशेब पुन्हा मांडण्यासाठी लागणार आहेत.