उंच मुलगा, फूटी आणि घरात न सांगितलेले दुखणे

"मुलगा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे फूटी, उत्तम खेळतो, पण एवढ्या उंच मुलांचे गुडघे आणि पाठ टिकत नाहीत असे ऐकतो, त्याला आत्ताच थांबवावे का?" हा प्रश्न मेलबर्नमध्ये राहणारे मराठी पालक मला वरचेवर विचारतात. त्याचे उत्तर मी इथे एका कुटुंबाच्या अनुभवातून देत आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा सतरा वर्षांचा, उंची १९८ सेंटीमीटर. संघात तो 'रक' म्हणून खेळे, म्हणजे पंचाने वर उडवलेला चेंडू उडी मारून आपल्या खेळाडूंकडे ढकलणे हे त्याचे मुख्य काम. अठरा वर्षांखालील टॅलेंट लीगमध्ये त्याची निवड झाल्यापासून घरात एएफएल या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टची, म्हणजे क्लब नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेची, चर्चा सुरू झाली आणि तिच्याबरोबर वादही. वडील वेस्ट कोस्ट संघाचा रक निक नायटानुई याचे उदाहरण देत: २०१६ मध्ये एक गुडघा दुखावला, २०१८ मध्ये दुसरा, आणि त्याच वर्षी वेस्ट कोस्टने अजिंक्यपद मिळवले तेव्हा हा मैदानाबाहेर. मुलगा मॅक्स गॉनचे नाव घेई, ज्याने गुडघ्याच्या गंभीर दुखापतींनंतरही २०२१ मध्ये मेलबर्न संघाला कर्णधार म्हणून अजिंक्यपद मिळवून दिले. दोन्ही उदाहरणे खरी होती, म्हणूनच वाद संपत नव्हता.

पालकांची भीती निराधार नव्हती, हे मी त्यांना आधीच सांगितले. रक खेळाडू समोरासमोर धावत येऊन उडी मारत आणि गुडघ्यावर गुडघा आदळून आतला मागचा अस्थिबंध दुखावे; ते इतके वाढले की २००५ मध्ये एएफएलने मैदानाच्या मध्यावर दहा मीटर व्यासाचे वर्तुळ आखून ही धाव मर्यादित केली. पुढचा अस्थिबंध, म्हणजे एसीएल, तुटला तर परत खेळायला सहसा नऊ ते बारा महिने लागतात. डोक्याला मार लागून कन्कशन (मेंदूला धक्का) झाल्यास स्थानिक पातळीवर किमान २१ दिवस सामना खेळता येत नाही. मात्र या वयातील उंच मुलाच्या बाबतीत मला अशा अपघातांपेक्षा अतिश्रमाची काळजी जास्त वाटते. वेगाने वाढलेल्या शरीराला पुरेशी विश्रांती न देता उड्या आणि धावणे वाढवत नेले, तर कमरेच्या मणक्यात किंवा पायाच्या हाडात ताणामुळे बारीक फ्रॅक्चर होऊ शकते, आणि ते एका दिवसात दिसत नाही.

मुलाला एकट्याला भेटल्यावर नेमके हेच निघाले. त्याची कंबर बरेच दिवस दुखत होती आणि सामन्याआधी तो वेदनाशामक गोळी घेत असे. "घरी सांगितलं की बाबा लगेच खेळ बंद कर म्हणतात, काकू," तो म्हणाला. शाळेचा संघ, टॅलेंट लीग आणि आठवड्यातून दोनदा बास्केटबॉल, असे तिन्ही चालू होते. प्रत्येक प्रशिक्षकाला आपल्यापुरते माहीत होते, एकूण भार कोणीच मोजत नव्हते. आई-वडिलांची भीती मुलाचे रक्षण करत नव्हती, ती त्याला गप्प करत होती.

त्याच्या संमतीने हे पालकांसमोर ठेवले, तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि आईने एवढेच विचारले की डॉक्टरांकडे कधी जायचे. क्रीडावैद्यक तज्ज्ञांनी एमआरआय काढला. मणक्यात ताणाची सुरुवात दिसली, पण फ्रॅक्चर झालेले नव्हते. उड्या आणि धावणे थांबले. बास्केटबॉल सुटले, शाळेचा संघ पुढच्या हंगामापर्यंत बाजूला ठेवला. घरासाठी आम्ही एकच नियम ठरवला: दुखते असे सांगितले, तर त्या संध्याकाळी खेळ सोडण्याचा विषय निघणार नाही, थांबायचे की नाही ते डॉक्टर आणि फिजिओ सांगतील. वडिलांना मी क्लबच्या ट्रेनरशेजारी, म्हणजे सामन्यात दुखापती पाहणाऱ्या माणसाशेजारी, उभे राहून सामना पाहायला सुचवले. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला इथली साधी आदळआपट आणि गंभीर दुखापत यांतला फरक कळत नाही आणि प्रत्येक पडण्याला त्याच्या पोटात गोळा येतो, असे मला अनेकदा दिसले आहे.

विश्रांतीचे आठवडे मुलाला वेदनेपेक्षा जड गेले, कारण आपण फूटीपटू नसलो तर कोण, याचे उत्तर त्याच्याजवळ नव्हते. त्यावर आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला आणि ते काम अजून चालू आहे.

आता तो टप्प्याटप्प्याने मैदानात परतला आहे, आठवड्याचा भार स्वतः लिहून प्रशिक्षकांना दाखवतो, आणि व्हीसीईचा, म्हणजे इथल्या बारावीच्या अभ्यासक्रमाचा, एकही विषय त्याने सोडलेला नाही. ड्राफ्टपूर्वी क्लब मुलाखती घेतात आणि वैद्यकीय माहितीही पाहतात. तिथे पाठीबद्दल काय आणि कसे सांगायचे, हा आमच्या पुढच्या भेटीचा विषय आहे, आणि या भेटीला वडिलांनीही यावे असे मुलानेच सुचवले आहे.