ल्युपसची नवी इंजेक्शने आणि जुन्या गोळ्या

प्रश्न : माझ्या २६ वर्षांच्या मुलीला चार वर्षांपासून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्या शरीरावरच उलटण्याचा आजार) आहे. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) आणि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) चालू आहे. प्रेडनिसोलोन १० मिलिग्रॅमच्या खाली आणले की सांधे सुजतात, गालांवर चट्टे उठतात. डॉक्टरांनी आता बायोलॉजिकल (जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाचे) इंजेक्शन सुचवले आहे. त्याने गोळ्या सुटतील का? – एक आई, मुलुंड

उत्तर : सगळ्या सुटणार नाहीत. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालूच राहील, आणि त्यासाठीची डोळ्यांची तपासणीही. इंजेक्शनाचा खरा हेतू प्रेडनिसोलोन दिवसाला ५ मिलिग्रॅमपर्यंत किंवा त्याहून खाली आणणे आणि जमल्यास बंद करणे हा आहे. जुनी सगळी औषधे एकेक करून हरल्यावरच नवी द्यावीत, हा आग्रह आता तज्ज्ञही धरत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांचा सल्ला मला घाईचा वाटत नाही.

ल्युपसमध्ये बी-पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) शरीराविरुद्धच प्रतिपिंडे तयार करतात. बेलिमुमॅब या पेशींना जगवणारे प्रथिन अडवते. २०११ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले हे ल्युपसचे अर्धशतकाहून अधिक काळातले पहिले नवे औषध. त्याचा गुण यायला काही महिने लागतात. २०२१ मध्ये आलेले अनिफ्रोलुमॅब इंटरफेरॉनचा (प्रतिकारशक्तीला चेतवणाऱ्या प्रथिनाचा) संदेश पेशीच्या दारातच थोपवते. दर चार आठवड्यांनी ते शिरेतून देतात. त्वचेवर त्याचा परिणाम चांगला दिसतो, म्हणून तुमच्या मुलीच्या बाबतीत ते विचारात घेण्यासारखे आहे, मात्र नागीण उठण्याचा धोका वाढतो. बी-पेशी नष्ट करणारे रिटुक्सिमॅब मोठ्या चाचण्यांत अपेक्षेइतके उतरले नाही, तरी हट्टी आजारात आपल्याकडे ते वापरले जाते, आणि भारतीय कंपन्यांच्या आवृत्त्यांमुळे ते तुलनेने परवडते.

सुरुवात करण्यापूर्वी कावीळ बी आणि क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी; मुंबईत राहणाऱ्याने क्षयाचा प्रश्न हलका घेऊ नये. आवश्यक लसी आधीच घ्याव्यात, कारण उपचार चालू असताना जिवंत (दुबळे केलेले जिवंत जंतू असलेल्या) लसी देता येत नाहीत. लग्नाचा, मुलांचा विचार असेल तर तोही आताच सांगावा (आया हा विषय दाराशी पोहोचल्यावर हळूच काढतात). नव्या इंजेक्शनांचा गरोदरपणातला अनुभव अजून तोकडा आहे, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन मात्र त्या काळातही चालू ठेवतात.

एक गोष्ट मी रुग्णांना नेहमी करायला लावतो : गेल्या महिन्यातली गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत घालून आणा. लोकलच्या धावपळीत रात्रीची गोळी राहून जाते, आणि आम्ही औषध हरले असे समजून बसतो. पुढच्या भेटीला ती पाकिटे न्या, आणि सोबत लघवीतल्या प्रथिनांचा ताजा अहवालही. मूत्रपिंडाला झळ लागलेली असेल तर औषधाची निवड सगळीच बदलते.