केमिकल कमी झालंय, मग बोलून काय होणार?

समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की आता समोरचा माणूस खुर्चीत नीट बसायच्या आतच तो येणार हे कळतं. कधी शाळेतल्या बाई विचारतात, कधी निफाडकडचे द्राक्षबागायतदार, तर कधी नीटची तयारी करणारी मुलगी. ‘मॅडम, डोक्यातलं सेरोटोनिन नावाचं केमिकल कमी झालंय म्हणतात. नैराश्याची गोळी चालू आहे. मग इथं येऊन बोलायचं कशाला?’ प्रश्न रास्त आहे. ‘केमिकल’ म्हटलं की काहींना हायसं वाटतं, म्हणजे माझी चूक नाही. काहींचे मात्र हातपायच गळतात, म्हणजे आता माझ्या हातात काही नाही.

प्रकाशराव या दुसऱ्या गटातले. (नाव, तपशील बदललेत.) नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर उमेदीची वर्षं गेली. मग माणसं कमी केली, सुपरवायझरनं उभ्या उभ्या दोन वाक्यांत निरोप दिला. दुसरीकडे काम मिळालं, पण माणूस मिटत गेला. झोप तुटक, जेवण नावापुरतं. रंगपंचमीला दरवर्षी रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्यानं भरलेल्या हौदात, उडी मारणारा गडी त्या वर्षी घराबाहेर पडला नाही. मनोविकारतज्ज्ञांनी औषध सुरू केलं, आणि पंधरा दिवसांनी वहिनी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या.

आल्या आल्या त्यांनी फाइल उघडली. स्वतःच्या मनानं रक्तातलं सेरोटोनिन तपासून आणलं होतं.

“नॉर्मल आलंय. मग कमी कुठं झालंय?”

“रक्तातला आकडा डोक्यातलं सांगत नाही. शरीरातलं नव्वद टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन पोटात, आतड्यांत तयार होतं.”

“मग गोळी कशाला? मला वाटलं, इंजिनात ऑइल कमी झालं की टॉपअप करतात तसं.”

हे ऑइलचं चित्र लोकांच्या मनात घट्ट बसलंय. ‘सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य’ या सरळसोट समजुतीला पुरेसा आधार नाही, असं 2022 मध्ये आलेल्या एका मोठ्या आढाव्यातही दिसलं. म्हणून औषध निरुपयोगी ठरत नाही, अनेकांना त्याचा गुण येतो. फक्त रिकामी टाकी भरणं हे त्याचं काम नव्हे.

प्रकाशराव यंत्रावरचे माणूस, म्हणून कागद घेऊन आकृतीच काढली. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये फट असते. त्या जोडाला सिनॅप्स म्हणतात. विजेचा संदेश पहिल्या पेशीच्या टोकाशी पोचला की तिथं कॅल्शियम आत शिरतं, रसायनानं भरलेल्या सूक्ष्म पिशव्या पेशीच्या कडेला येऊन फुटतात, रसायन फट ओलांडून पलीकडच्या पेशीवरच्या ठरलेल्या जागी बसतं. काम झालं की ते तिथंच मोडलं जातं किंवा पहिली पेशी परत ओढून घेते. त्यांची गोळी हे परत ओढणं अडवते, त्यामुळे सेरोटोनिन फटीत जास्त वेळ राहतं.

“फट केवढी?”

“वीस ते चाळीस नॅनोमीटर.”

त्यांनी मनात हिशेब केला. “म्हणजे मायक्रॉनचा पन्नासावा ते पंचविसावा भाग. आमचं जाडी मोजायचं मायक्रोमीटर इथं चालायचं नाही.” त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले.

तरी मूळ प्रश्न होताच. पुढच्या एका भेटीत तो पुन्हा आला, जरा चिडूनच. “शेवटी सगळं केमिकलच ना? तुमच्या बोलण्यात कुठलं केमिकल आहे?”

मी विचारलं, “सुपरवायझर ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाला, तेव्हा काय झालं?”

“हात गार पडले. पोटात गोळा आला. कानात काही शिरेना.”

“त्यानं काही टोचलं होतं?”

“नाही. नुसतं बोलला.”

मी काहीच बोलले नाही. इथं नवखे समुपदेशक हमखास घाई करतात, उत्तर स्वतःच देऊन टाकतात. बऱ्याच वेळानं प्रकाशराव म्हणाले, “म्हणजे बोलण्यानंसुद्धा आत केमिकल सुटतं.” आणि मग वहिनींकडे वळून, “आणि तू रोज ओरडतेस, त्यानंही.” दोघंही हसले. वहिनींच्या डोळ्यांत पाणी होतं.

पुस्तकातलं हे ज्ञान माझ्याकडे आधीही होतं, पण आपल्या कामाशी त्याचा सांधा मला खरा कळला तो अशा संवादांतून. मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांना 2000 साली नोबेल मिळालं ते समुद्री गोगलगायीच्या अभ्यासासाठी. तिच्या शेपटीला एकदा झटका दिला तर ती काही मिनिटं दचकत राहते, कारण आहे त्याच सिनॅप्समध्ये रसायन जास्त सुटतं. झटके अनेक दिवस देत राहिलं तर दचकणं आठवडे टिकतं, आणि तेव्हा पेशींमध्ये नवे जोड उगवलेले दिसतात. उलट, निरुपद्रवी स्पर्श पुन्हा पुन्हा केला तर ती दचकणं सोडते आणि जोड घटतात. कँडेलना तरुणपणी मनोविश्लेषक व्हायचं होतं. बोलण्याच्या उपचारानं माणसात टिकाऊ बदल होत असेल तर तो पेशींच्या जोडांतूनच होत असणार, असं त्यांनी 1998 मध्ये लिहिलं.

म्हणून माझा कल कृतीकडे. भूतकाळ उकरत बसण्यापेक्षा छोटी गोष्ट, रोज, ठरल्या वेळी. मूड येण्याची वाट बघायची नाही. आधी पाय हलवायचे. प्रकाशरावांनी सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात पायथ्याच्या चहावरच परतले. मी त्यालाही शाबासकी दिली, वहिनींना ते फारसं पटलं नाही. हळूहळू लेण्यांपर्यंत पोचले, मग जुन्या कामावरच्या एका मित्राला सोबत घेऊ लागले. ज्या रस्त्यावर जुना कारखाना आहे तो ते टाळत होते. तिथूनही आम्ही मुद्दाम, ठरवून, अनेकदा जायला लावलं. छातीतली धडधड दर खेपेला थोडी कमी.

औषधही चालूच होतं, आणि हे मी सगळ्यांनाच सांगते. गोळी फटीतलं काम काही तासांत बदलते, पण मनाला फरक जाणवायला साधारण दोन ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात आत संथपणे काही जुळणी होत असावी, असं बहुतेक संशोधक मानतात. पंधरा दिवसांत ‘काही उपयोग नाही’ म्हणून गोळी सोडू नका. बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका, त्यानं गरगरणं, चिडचिड, झोप उडणं, डोक्यात झटके आल्यासारखं वाटणं हे होऊ शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांच्या सांगण्यावरून, टप्प्याटप्प्यानं. आणि समुपदेशक ‘गोळ्या बंद करा, मी बघते’ म्हणाली तर समुपदेशक बदला.

जगणंच नको वाटत असेल तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416, चोवीस तास, मोफत. मराठीत बोलता येतं.