नणंदेचं नाव तक्रारीत, आणि घरच्यांना हवी असलेली सही

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लग्न होऊन तुम्ही 11 वर्षं नाशिकला आहात. पुण्यातल्या धाकट्या भावावर भावजयीने छळाची तक्रार दिली आणि त्यात 'सासू-सासरे व नणंद यांनी मिळून त्रास दिला' एवढ्या एका ओळीत तुमचंही नाव आलं. पोलिसांची नोटीस हातात आहे. घरचे म्हणतात, 'आमच्याकडे कधीच मारहाण झाली नाही' अशा प्रतिज्ञापत्रावर सही कर. आणि तुम्हाला आठवतंय ते भाऊबीजेला ताट पुढे करताना बांगड्या मागे सरकून दिसलेलं तिचं काळंनिळं मनगट.

आधी नोटिशीचं. गुन्हा जुन्या दंड संहितेच्या कलम 498अ चा, म्हणजे आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 चा आहे. शिक्षा जास्तीत जास्त 3 वर्षं, म्हणून सरसकट अटक करता येत नाही; सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात पोलिसांना तसं बजावलं आहे. नोटिशीतल्या तारखेला हजर राहा, टाळू नका. नोकरीची हजेरी, नाशिकच्या पत्त्याचे पुरावे सोबत न्या. नातेवाइकांवरच्या नुसत्या मोघम आरोपांवर खटला चालवू नये, असं त्याच न्यायालयाने 2022 मध्ये कहकशाँ कौसर प्रकरणात म्हटलं. त्या आधारे गुन्हा रद्द करायला उच्च न्यायालयात जाता येईल. तुमची बाजू मला भक्कम वाटते.

पण वकील वेगळा करा. भावाचा वकील तुमच्यासाठीही उभा राहिला, तर त्याला दोघांचं हित एकाच वेळी सांभाळता येणार नाही. तुम्ही काही केलं नाही म्हणजे त्यानेही केलं नाही, असं होत नाही. ज्याने त्याने काय केलं, ते वेगवेगळं तपासलं जाणं हाच तुमचा हक्क आहे, भावजयीचाही आणि भावाचाही.

ती सही अजिबात करू नका. कोर्टात खोटं प्रतिज्ञापत्र देणं हा खोटा पुरावा देण्याचा गुन्हा आहे, त्याला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि तिच्या घरात काय होत होतं, हे नाशिकला बसून तुम्ही शपथेवर सांगणार कसं? भावाने मारलं, असंही म्हणू नका. ते तुम्ही पाहिलेलं नाही. मनगट पाहिलं, विचारल्यावर ती 'दार लागलं' म्हणाली, एवढंच तुम्हाला ठाऊक आहे. जबाबाआधी हे तुमच्या वकिलाला जसंच्या तसं सांगा.

'ताई, एकदा येऊन जा' हा तिचा रात्रीचा मेसेज आणि सकाळचं तुमचं 'सांभाळून घे' हे उत्तर, दोन्ही फोनमध्ये राहू द्या. ते उत्तर तुम्हाला टोचतंय हे पत्रात दिसलं. तरी पुसू नका.

तिला फोन करू का, असं शेवटी विचारलंय. मन कितीही ओढलं तरी सध्या नको. आरोपीचा फोन दबाव टाकणारा ठरू शकतो. तिला काही सांगायचं असेल, तर ते वकिलामार्फत कळवा.